पॉप गाण्यात घातलेली आयरिश धून उपरी का वाटते, आणि ती गाण्यात कशी मुरवायची

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या स्टुडिओत केलेलं एक पॉप गाणं आहे. लय १२८ (मिनिटाला १२८ बीट), साधा चार-चारचा ठेका, हाय-हॅट (ड्रममधल्या छोट्या झांजा) सोळाव्या हिश्श्याच्या, म्हणजे एका बीटमध्ये चार, स्केल जी शार्प मायनर. दुसऱ्या ध्रुवपदानंतर आठ बार मोकळे ठेवून तिथे एक आयरिश जिग, म्हणजे नाचाची धून, टाकली आहे, सॅम्पल लायब्ररीतल्या (आधीच रेकॉर्ड केलेल्या स्वरांच्या संचातल्या) फिडल, म्हणजे व्हायोलिन, आणि टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याच्या छोट्या बासरीवर. एकेक वाद्य वेगळं ऐकलं तर छान वाटतं, पण सगळं एकत्र लावलं की शेजारच्या दोन घरांतले रेडिओ एकदम चालू असल्यासारखं होतं. मिक्समध्ये काय बदलू?

मिक्सला आत्ता हातच लावू नका. ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे भाग कमी-जास्त करणं) आणि रिव्हर्बने (घुमण्याच्या परिणामाने) हे सुटणार नाही, कारण भांडण आवाजांचं नाही, मात्रांचं आहे. त्याखाली स्केलचा एक प्रश्न लपलेला आहे आणि त्याखाली स्वर लावण्याच्या पद्धतीचा. याच क्रमाने जाऊ या. पहिली गाठ सुटल्याशिवाय पुढच्या दोन दिसणारही नाहीत.

जिग म्हणजे ६/८. ज्याच्या कानात दादरा मुरलेला आहे त्याला सहा मात्रा नव्या नाहीत. फरक चालीत आहे. जिगमधल्या प्रत्येक तीनच्या गटात पहिला स्वर किंचित लांबतो, मधला आखडतो आणि तिसरा पुढच्या गटाला ढकलतो. आता तुमच्या गाण्यात नेमकं काय होतंय ते बघा. १२८ च्या लयीत एक बीट साधारण ४६९ मिलिसेकंदांची. तुमच्या हॅट वाजतात ०, ११७, २३४ आणि ३५२ वर. जिगचे स्वर पडतात ०, १५६ आणि ३१३ वर. बीटचा पहिला ठोका सोडला तर एकही जागा जुळत नाही, आणि हे आठ बारांत बत्तीस वेळा घडतं. तीनवर चार मुद्दाम खेळवता येतात, पण तेव्हा ऐकणाऱ्याला त्यातली एक बाजू स्पष्टपणे मुख्य वाटायला हवी. तुमच्याकडे दोन्ही बाजू सारख्याच जोराने बोलतायत.

म्हणून माझा क्रम नेहमी असा असतो: आधी नाचाचा प्रकार ठरवायचा, मग धून, आणि वाद्य सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट जातात. फिडलचा आवाज आवडला म्हणून फिडल घेतात आणि हाताला लागेल ती धून त्यावर वाजवतात. आयरिश पारंपरिक संगीताचा मोठा भाग नाचासाठी घडलेला आहे आणि धुनेचं नाव ऐकलं की तिचं वजन कळतं. जिग ६/८, स्लिप जिग ९/८, स्लाइड १२/८, रील ४/४, हॉर्नपाइप ४/४ पण लंगडत्या चालीची, पोल्का २/४. पॉपच्या सरळ ठेक्यात कुठलीही मोडतोड न करता बसणारे प्रकार दोनच: रील आणि पोल्का.

यातलं कुठलं घ्यायचं ते तुमच्या गाण्याची लय किती हलू शकते त्यावर अवलंबून आहे. शब्द दाट असतील, गाणारा आत्ताच श्वास चोरत असेल, तर लय १०४ वर आणा आणि रील घ्या. गाणं नाचायला केलेलं असेल आणि १२८ सोडायचेच नसतील, तर पोल्का. कॉर्क आणि केरी यांच्या सीमेवरचा स्लीव्ह लूक्रा हा प्रदेश पोल्कांसाठी ओळखला जातो. तिथले फिडलवाले गज ऑफबीटवर, म्हणजे दोन बीटच्या मधल्या जागी, दाबतात आणि तुमच्या डान्स ठेक्यातली उघडी हॅटही तिथेच पडते. धुनेचा आणि ठेक्याचा जोर एकाच जागी आला की दोन रेडिओ राहतच नाहीत. १२८ वर रील मात्र वाजवू नका. मिनिटाला ५१२ स्वर होतात, आणि ज्या बारीक अलंकारांमुळे रील रील वाटते त्यांना जागाच उरत नाही.

जिगच हवी असेल तर तीही जमते, पण मग त्या आठ बारांत ठेक्याने तिच्या मागे जायचं. किक (ठेक्यातला खालच्या आवाजाचा ढोल) चारही बीटवर तशीच ठेवा, टाळी दोन आणि चारवर ठेवा, सोळाव्या हिश्श्याच्या हॅट पूर्ण बंद करा आणि त्याऐवजी प्रत्येक बीटच्या तीन भागांतल्या पहिल्या आणि तिसऱ्यावर शेकर ठेवा. बेस, अर्पेजिएटर (कॉर्डचे स्वर एकेक करून आपोआप वाजवणारं साधन), डिलेची (प्रतिध्वनीची) वेळ या सगळ्यातले सरळ भागही तपासा. नेहमी विसरतो तो डिले. सोळाव्यावर लावलेला डिले एकटा सगळी जिग बिघडवू शकतो. दुसरा मार्ग म्हणजे अख्खं गाणंच सहाच्या वजनात बांधायचं. द कॉर्स या आयरिश बँडचं १९९५ चं ‘रनअवे’ तसं आहे, म्हणून त्यात फिडल येतं तेव्हा काहीच बदलल्यासारखं वाटत नाही. द पोग्ज या बँडच्या १९८७ च्या ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’मध्ये तिसरा मार्ग ऐकू येतो. सुरुवात पियानोवर सावकाश, आणि बँड येतो तेव्हा वजन ६/८ होतं. मधली सीमा इतकी स्वच्छ आहे की कानाला धक्का न बसता नवा दरवाजा उघडल्यासारखा वाटतो. वजन बदलायचंच असेल तर असं, थांबून बदला.

रीलचा हिशेब नीट समजून घ्या, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. रील ४/४ मध्ये आठव्या हिश्श्याच्या स्वरांत लिहिलेली असते, पण पाय तिच्या एका बारमध्ये दोनदाच पडतो. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लय १०४ असेल तर रीलचे स्वर सोळाव्या हिश्श्याचे होतात आणि रीलचा एक बार तुमच्या अर्ध्या बारमध्ये बसतो. कागदावरून जशीच्या तशी उतरवली तर ती निम्म्या वेगाने रांगते, आणि मग लोक म्हणतात की धुनेत दम नाही. एड शीरनचं २०१७ चं ‘गॉलवे गर्ल’ १०० च्या आसपास आहे. अँट्रिम काउंटीतल्या ब्योगा या बँडची धून त्यात याच हिशेबाने, ठेक्याच्या सोळाव्या हिश्श्यांत बसते. पॉपची मधली लय आणि रीलच्या पायाची लय जवळजवळ एकच असते. या मिश्रणाला हा मोठाच आधार आहे.

आता लांबी. नेहमीची धून दोन भागांची असते, प्रत्येक भाग आठ बारांचा आणि दोनदा वाजणारा, एकूण ३२ बार. पहिला भाग खाली फिरतो, दुसरा बहुधा वर जातो. आपल्या अस्ताई-अंतऱ्याशी तुलना केली तर चूक होणार नाही. वरच्या हिशेबाने रीलचा किंवा पोल्काचा एक भाग तुमच्या चार बारांत संपतो. म्हणजे तुमच्या आठ बारांत पहिला भाग एकदा आणि दुसरा भाग एकदा एवढंच मावतं. तसंच करा. पहिला भाग दोनदा वाजवून थांबलात तर अंतऱ्याविना सोडलेल्या बंदिशीसारखं अर्धवट वाटेल. गाण्याच्या सुरुवातीच्या चार बारांत पहिल्या भागाची नुसती ओळख द्या, फक्त व्हिसल किंवा फक्त फिडल, म्हणजे मध्ये पूर्ण धून येईल तेव्हा ती पाहुणी वाटणार नाही. हे एवढं केलं तरी उपरेपणा निम्मा जातो.

पुढची गाठ स्केलची. जी शार्प मायनरमध्ये ही वाद्यं गुदमरतात. साधी टिन व्हिसल डी मध्ये असते, लाकडी बासरी आणि इलन पाइप्सही (आयरिश बॅगपाइप) बहुतेक डी मध्येच. फिडलच्या उघड्या तारा जी, डी, ए, ई. या संगीतातला घुमारा उघड्या तारेला गजाचा ओझरता स्पर्श करत वाजवण्यात आहे आणि जी शार्प मायनरमध्ये या चारपैकी स्केलमध्ये उरते ती फक्त ई. सॅम्पल लायब्ररी कुठल्याही स्केलमध्ये वाजते हे खरं, पण कानाला वाद्याची ठेवण ठाऊक असते. गाणाऱ्याला झेपत असेल तर अर्धा स्वर वर चढवून ए वर या. झेपत नसेल तर खाली ई मायनर किंवा जी पर्यंत जाऊन बघा. मात्र चाल खूप खाली गेली तर व्हिसल आणि आवाज यांच्यात मोठी दरी पडते. मग सावकाश जागांसाठी लो व्हिसल (खालच्या सप्तकाची मोठी व्हिसल) घ्यावी लागते.

ए वर आल्यावर एक सापळा आहे. बहुतेक आयरिश ‘मायनर’ धुना आपल्या आसावरी थाटाच्या नसतात, काफी थाटाच्या असतात. पाश्चात्त्य भाषेत डोरियन. म्हणजे गंधार-निषाद कोमल, पण धैवत शुद्ध. ए वरून हा धैवत म्हणजे एफ शार्प. तुमच्या गाण्याची कॉर्डची माळ जर नेहमीची ए मायनर, एफ, सी, जी अशी असेल, तर एफच्या बारमध्ये खाली एफ आणि वर एफ शार्प एकदम वाजणार. हा खडखडाट लोक फिडल बेसूर आहे असं समजून ट्यून करत बसतात. उपाय तीन. त्या आठ बारांत एफ काढून डी मेजर ठेवा. किंवा नुसतं ए मायनर आणि जी यांच्यातच ये-जा करा, जे या संगीतात सगळ्यात नैसर्गिक आहे. किंवा धुनेतून धैवत काढूनच टाका. पाच-सहा स्वरांच्या धुना या परंपरेत भरपूर आहेत. मेजर गाण्यातही हाच प्रकार होतो. तिथे खमाज थाटाच्या, म्हणजे कोमल निषादाच्या धुना सर्रास असतात आणि पॉपची पाचवी कॉर्ड त्यांना आडवी येते.

या धुनांखाली कॉर्ड कमी आणि उघड्या ठेवा. मूळ परंपरा एकसुरी आहे. सगळी वाद्यं एकच चाल वाजवतात, प्रत्येक आपल्या अलंकारांनी. कॉर्डची साथ बरीच उशिरा आली. बुझुकी हे तंतुवाद्य तर १९६० च्या दशकात ग्रीसहून आयर्लंडमध्ये आलं आणि रुळलं. गिटार असेल तर डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावून बघा. त्यात गंधाराशिवायच्या, तानपुऱ्यासारख्या षड्ज-पंचमावर उभ्या कॉर्ड सहज येतात आणि मेजर-मायनरचं भांडणच मिटतं. फिडलवर वरून तिसऱ्या स्वराची हार्मनी चढवायचा मोह टाळा. लगेच जाहिरातीतल्या जिंगलसारखं वाटायला लागतं. दाटपणा हवा असेल तर तीच चाल दुसऱ्या वाद्यावर नव्याने वाजवून घ्या. कॉपी-पेस्ट केलेला टेक चालत नाही.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, स्वर लावण्याची पद्धत. आयरिश अलंकार बोटांच्या आघाताचे असतात, घसरण्याचे फार कमी. ‘कट’ म्हणजे मूळ स्वराच्या वरून बोटाचा एक झटका. आपल्या कणस्वराचा भाऊ, पण इतका आखूड की तो कुठला स्वर आहे हे कळू नये. तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की तो अलंकार न राहता चुकीचा स्वर वाटतो. आणि तो बीटवर पडतो, बीटच्या आधी नाही. मिडीमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर, हाताने भरणारे जवळजवळ सगळे तो आधी ठेवतात. ‘रोल’ म्हणजे एका लांब स्वराचे वरच्या आणि खालच्या आघाताने केलेले तीन तुकडे: जी, मग ए चा स्पर्श, पुन्हा जी, मग एफ शार्पचा स्पर्श, पुन्हा जी. त्या तीन ‘जी’मध्ये पहिला जरा लांब. इथे जिवंतपणा असतो. फिडलवर याशिवाय गजाची तिय्या असते, एकाच स्वरावर गजाचे तीन चिमटीतले घाव. ती थोडी खरखरीतच हवी.

म्हणून वादक निवडताना सांभाळा. पुण्या-मुंबईत व्हायोलिनवादक अप्रतिम मिळतात, पण हिंदुस्थानी किंवा कर्नाटक शिकलेल्या हाताची मींड आणि गमक इथे नको, आणि पाश्चात्त्य शास्त्रीय शिकलेल्याचा व्हायब्रॅटोही नको. नाचाच्या धुनांत तो जवळजवळ नसतोच. त्यांना स्पष्ट सांगा: डाव्या हाताने कंप नाही, गज छोटा, जोर उजव्या हातात. बासरीवाल्यांशीही आधी बोलून घ्या. बांसरीचं सौंदर्य स्वरांच्या मधल्या घसरणीत आहे, व्हिसलचं स्वर तोडण्यात. दोन्ही वाद्यं फुंकायचीच, पण एकाच्या जागी दुसरं ठेवलं की प्रदेशच बदलतो. कधी तेच हवं असेल तर तो निर्णय समजून घ्या.

वादक मिळतच नसेल आणि लायब्ररीवरच भागवायचं असेल तर अपेक्षा आवरा. नकली रोल भरू नका. साधी चाल, मोजके कट, आणि मुख्य वाद्य म्हणून अ‍ॅकॉर्डियन किंवा कॉन्सर्टिना घ्या. पाती वाजते किंवा थांबते, म्हणून सॅम्पलमध्ये ती फिडलपेक्षा कितीतरी खरी वाटते. व्हिसल तिच्या मागे हळू ठेवा. आणि शंभर टक्के क्वांटाइझ करू नका, म्हणजे सगळे स्वर सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर तंतोतंत बसवू नका. रीलमध्ये हलकी झुलती चाल असते. जोडीतला पहिला स्वर ५४ ते ५८ टक्के, ६६ वर गेलात तर हॉर्नपाइप होते. पोल्का मात्र जवळजवळ सरळ ठेवा.

ठेक्याबद्दल थोडक्यात. बौरान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा, आपल्या डफाची आठवण करून देणारा आणि लाकडी टिपरीने वाजणारा ढोल, किकच्याच जागेत बसतो. दोघांनाही खालचा सूर दिला की चिखल. किक असेल तिथे बौरानचं खालचं १२० हर्ट्झपर्यंत कापा आणि टिपरीचा टकटकाट ठेवा, किंवा धुनेच्या पहिल्या चार बारांत किकच काढा आणि बौरानला सगळी जागा द्या. मला दुसरं जास्त आवडतं. किक परत येते तेव्हा अंगावर काटा येतो. फिडलचा सगळ्यात खालचा सूर १९६ हर्ट्झचा, त्यामुळे १५० च्या खालचं निर्धास्त काढा. व्हिसलला रिव्हर्ब कमी द्या, वरच्या सप्तकात ती आधीच टोचते. आवाज गात असताना धून बंद ठेवा. ओळींच्या मधल्या श्वासात तिचे दोन-चार स्वर पुरेत.

धून किती घ्यायची, हाही विचार करा. पूर्ण धून घालणं हा एकच मार्ग नाही. हॉर्सलिप्स या आयरिश रॉक बँडने १९७३ च्या ‘डॅरग डूम’मध्ये ‘ओ’नील्स मार्च’ या पारंपरिक धुनेतला तुकडा उचलून इलेक्ट्रिक गिटारचा मुख्य रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) केला. अख्खं गाणं त्या तुकड्यावर उभं आहे, म्हणून ते जोडकाम वाटत नाही. शिनेड ओ’कॉनर यांचं १९९० चं ‘आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युअर ग्रेव्ह’ कान लावून ऐका. जुन्या आयरिश कवितेचं इंग्रजी रूपांतर, खाली जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ड्रमचा लूप, आणि बराच वेळ जवळजवळ तेवढंच. लूप बदलत नाही, आवाज त्याच्यावरून स्वतःच्या गतीने वाहतो. स्टीव्ह विकम यांचं फिडल शेवटासाठी राखलेलं आहे. वाट बघायला लावल्यामुळे ते आलं की गाणं फाटून उघडल्यासारखं होतं. तुमच्या आठ बारांपेक्षा शेवटच्या ध्रुवपदानंतरची जागा अधिक योग्य आहे का, ते करून बघा.

हक्कांचं विसरू नका. ‘पारंपरिक’ वाटणारी धून तशी असेलच असं नाही. सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या मोकळ्या बैठकीत, वाजणाऱ्या कितीतरी धुना विसाव्या शतकातल्या ओळखीच्या संगीतकारांच्या आहेत. धून मोकळी असली तरी कुणाचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. ‘गॉलवे गर्ल’मध्ये ब्योगाच्या सदस्यांची नावं गाण्याच्या रचनाकारांत आहेत. काम असंच व्हायला हवं. सुरक्षित सुरुवात हवी तर शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी जमवलेला १९०३ चा संग्रह बघा, त्यात १८५० चाली आहेत. १७३८ मध्ये वारलेले हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन यांच्या रचनाही मोकळ्या आहेत, पण त्या नाचाच्या कमी आणि बैठकीच्या जास्त.

शक्य असेल तर एका खऱ्या आयरिश फिडलवाल्याकडून दूरवरून रेकॉर्ड करून घ्या. पाठवायचं असं: क्लिकचा वेगळा ट्रॅक, फिडलशिवायचं गाणं, दोन बारांचा काउंट, कॉर्डचा साधा कागद, आणि धुनेची साधी चाल कुठल्याही वाद्यावर. मागायचे तीन टेक: एक साधा, एक भरपूर अलंकारांचा, एक अगदी विरळ. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, रिव्हर्ब नाही, दुरुस्ती नाही. जोडताना बार-बार कापू नका, चार बारांचा अख्खा भाग एकाच टेकमधून घ्या, कारण गज बीट ओलांडून बांधलेला असतो आणि मध्ये कापलं की श्वास तुटतो. त्याने लयीच्या किंचित पुढे वाजवलं असेल तर त्याला ओढून ग्रिडवर आणू नका. शेकर त्याच्याकडे सरकवा.